उन्हातले काम आणि अंगातले पाणी

एप्रिल उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन गोष्टींची लगबग सुरू होते. एक जयंतीची आणि दुसरी उन्हाळी कामांची. वीटभट्ट्या पेटलेल्या असतात, बांधकामे पावसाआधी उरकायची असतात, रस्त्यांवर डांबर पडत असते आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. नागपूर, चंद्रपूर, वर्धा, अकोला या भागांत पारा तेव्हा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. 'दुपारी घराबाहेर पडू नका' हा सल्ला सगळीकडे छापून येतो. पण ज्यांचे पोट रोजावर आहे, त्या आपल्या बंधू-भगिनींना तो पाळता येत नाही. म्हणून उन्हात काम करावेच लागते त्यांनी काय करावे, आणि त्यांच्यासाठी इतरांनी काय करावे, याचा विचार या महिन्याच्या आरोग्य पानावर करू.

अंगात काय घडते?

आपल्या शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. मेहनतीचे काम करताना स्नायूंमधूनही उष्णता तयार होते. त्यात वरून ऊन. ही उष्णता बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य उपाय म्हणजे घाम. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. भर उन्हात कष्ट करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि त्याबरोबर मीठही जाते. पाणी कमी झाले की रक्ताचे प्रमाण घटते, हृदयाला जोरात धावावे लागते आणि शेवटी घामही पुरेसा येईनासा होतो. मग शरीर आतून तापू लागते.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हवामान खाते जो आकडा सांगते तो सावलीतला असतो. भट्टीच्या तोंडाशी किंवा तापलेल्या डांबरावर उभ्या असलेल्या मजुराला त्याहून कितीतरी अधिक ताप सोसावा लागतो. दुसरे म्हणजे मुंबई-कोकणात पारा कमी असला तरी हवा दमट असते, त्यामुळे घाम वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमात तासन्‌तास बसलेल्या लोकांना उष्माघात झाला आणि १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी तिथला पारा विदर्भाच्या मानाने कमीच होता.

किती प्यावे, काय प्यावे?

तहान लागते तेव्हा अंगातले पाणी आधीच कमी झालेले असते. म्हणून तहानेची वाट पाहू नका. कामावर असताना दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण पाव लिटर पाणी प्या. एकदम तांब्याभर पिऊन पुन्हा तीन तास कोरडे राहण्यापेक्षा हे चांगले. मात्र तासाला दीड लिटरच्या वर नको, कारण नुसते पाणी फार झाले तर रक्तातले मीठ पातळ होते आणि त्यानेही धोका होतो.

दिवसभर घाम जात असेल तर मीठही परत मिळाले पाहिजे. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, आंबील, साखर-मीठ घातलेले लिंबूपाणी आणि वेळेवर भाकरी-भाजी यांनी ते भागते. मिठाच्या गोळ्या घेऊ नका. थकवा, जुलाब किंवा उलट्या असतील तर ओआरएसचे एक पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवा आणि ते २४ तासांच्या आत संपवा. पाकीट अर्धे करून पेल्यात टाकू नये. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाला. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मीठ आणि पाणी किती घ्यावे, गोळ्यांचे काय करावे, हे उन्हाळ्याच्या तोंडावरच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

लघवीचा रंग ही घरची तपासणी आहे. फिकट असेल तर ठीक, गर्द पिवळी आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडते आहे.

दारूने लघवी वाढते, अंगातले पाणी कमी होते आणि आपल्याला त्रास होतो आहे हे कळायचे भानही जाते. रात्री घेतलेल्या दारूची किंमत दुसऱ्या दिवशी उन्हात मोजावी लागते. पंचशीलातले पाचवे शील उन्हाळ्यात जीव वाचवणारे आहे, हे तरुणांनी लक्षात घ्यावे.

ती पाणी का पीत नाही?

बांधकामावरच्या, रस्ता झाडणाऱ्या, शेतावरच्या कितीतरी भगिनी मुद्दाम पाणी पीत नाहीत. कारण साधे आहे. कामाच्या जागी संडास नसतो, आडोसाही नसतो. लघवीला जावे लागू नये म्हणून त्या सकाळपासून घोटभर पाण्यावर दिवस काढतात. मग डोके दुखते, चक्कर येते, लघवीची जळजळ होते आणि आपण त्याला 'अशक्तपणा' म्हणून सोडून देतो. अशा भगिनीला 'पाणी प्या' एवढे सांगून भागत नाही. तिच्या कामावर लघवीची सोय आहे का, हे आधी विचारावे लागते.

ही सोय कुणाची मेहेरबानी नाही. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्यातच कामाच्या जागी पिण्याचे पाणी, शौचालय आणि प्रथमोपचार यांची तरतूद करण्यात आली होती. रोजगार हमीच्या कामांसाठीही पाणी, मुलांसाठी सावली, विसावा आणि प्रथमोपचार पेटी ठरवून दिलेली आहे. एकट्या बाईने मुकादमाला म्हटले तर तिचा रोज बुडतो. दहाजणींनी मिळून म्हटले तर ठेकेदाराला ऐकावे लागते. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले ते माणूस म्हणून असलेला हक्क बजावण्यासाठी. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी कायद्याची दुरुस्ती त्यांच्याच खात्याने मांडली. पाणी आणि विसावा हे दोन्ही आपल्या चळवळीचेच विषय आहेत.

सिकलसेल असलेल्यांनी विशेष जपावे

विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेल आजार बराच आढळतो. अंगातले पाणी कमी झाले की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात आणि हाडे, छाती, पोट यांत असह्य वेदना सुरू होतात. अशा रुग्णाला भर उन्हातल्या कामावर पाठवू नये. त्यांची मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत, म्हणून फिकट लघवी पाहून निर्धास्त राहू नये. जे फक्त वाहक आहेत ते एरवी निरोगी असतात, पण तीव्र उन्हात दमछाक होईल इतके काम त्यांनीही टाळावे. रक्ताची तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्यावी.

ऊन लागल्याचे कसे ओळखावे?

सुरुवातीला खूप घाम येतो, डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, पोटऱ्यांत गोळे येतात. हा इशारा आहे. काम लगेच थांबवा, सावलीत पडा, पाय थोडे वर घ्या, अंग ओले करा, घोट घोट पाणी किंवा ओआरएस प्या. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर दवाखाना गाठा. बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा कामाला लागू नका.

माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, चिडला, झटके आले किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात आहे. अंगाचे तापमान तेव्हा ४० अंशांच्या पुढे गेलेले असते. कातडी कोरडी असेलच असे नाही. मेहनत करणाऱ्याला उष्माघातातही घाम येत असतो. अनेकदा अशा माणसाला 'प्यायला असेल' म्हणून झाडाखाली निजवून ठेवतात, किंवा 'बाहेरचे लागले' म्हणून उतारा करतात. त्या तासाभरात जीव जातो.

अशा वेळी १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून न राहता अंग थंड करा. सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल ते पाणी अंगभर ओता आणि वारा घाला. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. खिशात कांदा ठेवून किंवा तळपायाला कांदा चोळूनही उष्माघात टळत नाही. विज्ञान जे सांगते ते करा.

कामाची रीत

अवजड काम पहाटे आणि सकाळी उरका, दुपारी १२ ते ४ हलके काम किंवा विसावा घ्या. सैल, फिकट सुती कपडे घाला आणि डोक्या-कानाला ओला दुपट्टा बांधा. कामावर नव्याने आलेला किंवा आजारपणानंतर परतलेला मजूर सर्वाधिक धोक्यात असतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी त्याच्यावर पूर्ण बोजा टाकू नका. जोडीने काम करा आणि एकमेकांवर लक्ष ठेवा, कारण ऊन लागलेल्याला स्वतःला ते कळत नाही.

विहार आणि मंडळांनी काय करावे?

जयंतीपासून बुद्ध पौर्णिमेपर्यंतचा काळ ऐन उन्हाचा. मिरवणूक ऊन उतरल्यावर काढावी. वाटेत पाणी, सावली आणि ओआरएस असावे. लेझीम-ढोल पथकातल्या मुलांना मधे मधे बसवावे. विहारात रांजण भरून ठेवावा आणि दुपारी दार उघडे ठेवावे, म्हणजे झाडूवाली, हमाल, फेरीवाला यांना घटकाभर टेकता येईल आणि विहाराचा संडासही भगिनींना वापरता येईल. रविवारच्या वंदनेनंतर १५ मिनिटे काढून वर सांगितलेली लक्षणे आणि प्रथमोपचार सर्वांना समजावून द्यावेत. वस्तीत कोण एकटे राहते, कुणाला सिकलसेल आहे, कोण भट्टीवर जाते, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असतेच. संध्याकाळी त्यांच्या दारावरून एक फेरी मारावी आणि आज किती पाणी प्यालात, एवढे विचारावे.

जय भीम!