ऊन फार म्हणून ऑइल दाट? स्पोर्ट्‌स गाडीसाठी योग्य ग्रेड कसा निवडायचा



लातूर-नांदेडच्या गाडीवाल्यांना एक सल्ला हमखास मिळतो. "आपल्याकडं ऊन लई. पातळ ऑइल टिकत नाही. वीस-पन्नास टाका अन् बिनघोर राहा." सल्ला देणारा मिस्त्री लबाड नसतो बरं का. त्याचा हात ॲम्बॅसडर, जीप, ट्रॅक्टरवर बसलेला असतो आणि त्या इंजिनांना हा सल्ला चालायचा. पण हौसेनं घेतलेली स्पोर्ट्‌स कार असेल, नाहीतर साधी नवी टर्बो पेट्रोल गाडी, तिथं हाच सल्ला महागात पडू शकतो. का, ते बघू.

विस्कॉसिटी म्हणजे वाहण्याला होणारा विरोध. आपण दाटपणा म्हणू. गुऱ्हाळावर काकवी बघितली असेल. कढईत उकळताना पाण्यासारखी पळते, तीच थंड झाल्यावर बरणीतून उतरायला वेळ लावते. काकवी तीच, फरक तापमानाचा. ऑइलचंही तसंच. म्हणून डब्यावर दोन आकडे असतात.

५डब्ल्यू-३० घ्या. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा. जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनाचा. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असतो, ४० चा १२.५ ते १६.३ आणि ५० चा १६.३ ते २१.९.

आता तुम्ही म्हणाल, उणे ३० अंशांशी आपला काय संबंध? इथंच खरी गंमत आहे. तापलेल्या इंजिनात ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर असतं, आणि इंजिनाची रचना त्या दाटपणासाठी केलेली असते. मे महिन्यात नांदेडला पारा ४२ वर गेला, गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली, तरी ऑइल १०० अंशांपासून कितीतरी लांब. साधारण ५डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशांवर पाच-सहा पट दाट असतं. म्हणजे आपला उन्हाळासुद्धा इंजिनाच्या हिशेबानं हिवाळाच! त्याच ४० अंशांवर २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून जास्त दाट असतं. डिसेंबरच्या पहाटे तर विचारूच नका.

सुरू केल्यावर पहिले काही क्षण ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत आणि टर्बोपर्यंत पोचायचं असतं. टर्बोचा दांडा जोरात असताना मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. तिथं उशीर परवडत नाही.

बरं, तापल्यावर तरी दाट ऑइल चांगलं ना? नेहमी नाही. क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. ही फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. ऑइल फार पातळ झालं तर थर फाटतो आणि धातूला धातू लागतो. फार दाट असेल तर फटीतून कमी वाहतं, स्वतःच्याच घर्षणानं तापतं आणि बेअरिंगची उष्णता पुरेशी बाहेर नेत नाही. प्रेशरचा काटा मात्र वर दिसतो, आणि आपण खूश! प्रेशर वर आहे म्हणजे ऑइल भरपूर वाहतंय असं नाही. शिवाय व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आता ऑइलच्याच दाबावर चालते. ऑइल चुकलं की तीही अडखळते.

मग स्पोर्ट्‌स गाड्यांना दाट ऑइल लागतच नाही का? लागतं, पण गाडीगणिक. बीएमडब्ल्यूच्या एम-३ च्या ई-४६ पिढीचं इंजिन ८,००० फेऱ्यांपर्यंत जातं. त्याला कंपनीनं १०डब्ल्यू-६० सांगितलं. पोर्शेच्या बऱ्याच ९११ गाड्यांना मात्र ०डब्ल्यू-४० चालतं. दोन्ही अस्सल स्पोर्ट्‌स गाड्या, पण डबे वेगळे. कारण ग्रेड ठरतो बेअरिंगची फट, ऑइल पंप, कूलर आणि इंजिनावरचा भार यांवरून. गाडी दिसते कशी, यावरून नाही.

खरा प्रश्न हवेच्या तापमानाचा नाही, ऑइलच्या तापमानाचा आहे. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला शंभरच्या वेगानं आलात, तर दमदार इंजिनाला तो फेरफटकाच असतो. रेस ट्रॅकवर सतत रेडलाइनजवळ चालवलं की ऑइल १३० च्या वर जाऊ शकतं. त्यासाठीच १५० अंशांवर, जोरानं घासलं जात असताना ऑइल किती दाट राहतं याची वेगळी चाचणी आहे. तिथं ३० ग्रेडला किमान २.९ लागतं, ५डब्ल्यू-४० ला ३.५. ट्रॅकवर हा फरक इंजिन वाचवतो.

तर निवड अशी करा. आधी गाडीचं पुस्तक उघडा. त्यात हवेच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेड दिले असतील, तर आपल्या भागासाठी आणि जोरात चालवणाऱ्यासाठी त्यातला वरचा घ्या. ३० आणि ४० दोन्ही चालत असतील तर ४०. एकच ग्रेड दिला असेल तर तोच. मग डब्यावर कंपनीची मंजुरी बघा. थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो पेट्रोल गाडीला पुस्तकात एपीआय एसपी सांगितलं असेल, तर त्याखालचा दर्जा घेऊ नका. कमी फेऱ्यांवर अवेळी होणारे स्फोट टाळण्याची चाचणी त्यात आहे. आणि सुरू केल्याबरोबर गाडी ताणू नका. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी ऑइल तापायला आणखी काही मिनिटं लागतात.

श्रोत्यांतून प्रश्न आला: "सर, गाडी जुनी झाली, ऑइल खाते. आता तरी दाट टाकू का?"

चांगला प्रश्न. आधी गळती बघा, मग इंजिनाची हवा परत घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा, टर्बो बघा. ते सगळं ठीक असेल आणि पुस्तक परवानगी देत असेल, तर एक पायरी वर जा. पण दाट ऑइलनं झिजलेली रिंग बरी होत नाही, दुखणं फक्त झाकलं जातं. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघा. योग्य ग्रेडचं ऑइल पातळीखाली गेलं, तर ग्रेड कितीही बरोबर असो, इंजिन जाणारच.

मिस्त्रीशी भांडू नका. पुस्तकाचं ते पान त्याला दाखवा. चांगला मिस्त्री पान वाचतो.