निर्वासित मुलांचे दूरस्थ इंग्रजी-अध्यापन : एक विचार

स्वदेश सोडून परक्या भूमीत आश्रयास आलेल्या मुलांना महाविद्यालयीन विद्यार्थी आंतरजालाच्या साहाय्याने इंग्रजी शिकवितात, ही अलीकडे रूढ होऊ लागलेली सेवा होय. तिच्यामागील सद्भावना निर्विवाद आहे. परंतु अध्यापनाचे मूल्य केवळ सद्भावनेवरून ठरत नाही. या सेवेने काय साधते व काय साधत नाही, याचा विचार मलेशियातील रोहिंग्या मुलांच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार मलेशियाने स्वीकारलेला नाही. म्यानमारहून आलेल्या या मुलांना सरकारी शाळांत सामान्यतः प्रवेश मिळत आलेला नाही. निर्वासित समाजाने व सेवाभावी संस्थांनी चालविलेली अध्ययनकेंद्रे हाच त्यांचा मुख्य आधार. १८ मार्च २०२० रोजी करोनाच्या साथीमुळे संचारनिर्बंध लागू झाले, तेव्हा केंद्रेही बंद पडली आणि मोबाइलच्या पडद्यावरील पाठांना महत्त्व आले. तिसऱ्या देशात पुनर्वसन होण्याच्या आशेमुळे इंग्रजीची ओढ मुळातच होती.

रोहिंग्या ही भारतीय-आर्य भाषा असून चितगावच्या बोलीशी तिचे निकटचे नाते आहे. मराठीप्रमाणेच तिच्यात क्रियापद सामान्यतः वाक्याच्या अखेरीस येते. म्हणून इंग्रजी वाक्याचा पदक्रम या मुलांना का अडतो, हे मराठीभाषक शिक्षकास सहज उमगावे. तथापि लिपीचा प्रश्न निराळा आहे. १९८० च्या दशकात सिद्ध झालेली हनीफी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली खरी, पण सर्वमान्य अशी एकच लिपी अद्याप रूढ नाही. त्यामुळे अनेक मुलांच्या अक्षरओळखीचा आरंभच परभाषेतून होतो. अशा मुलापुढे पडद्यावर लिखित मजकूर मांडणे व्यर्थ होय. ध्वनी आधी आणि अक्षर मागून, हाच क्रम येथे इष्ट ठरतो.

याहून गंभीर अडचण कालावधीची आहे. जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ मध्ये संभाषणाची भाषा व अध्ययनाची भाषा असा भेद केला. कॅनडातील स्थलांतरित मुलांच्या अभ्यासावरून त्याने दाखविले की, पहिली सुमारे दोन वर्षांत साधते, तर दुसरीत समवयस्कांची बरोबरी गाठण्यास पाच ते सात वर्षे लागतात. स्वयंसेवक मात्र बहुधा एका सत्रापुरता असतो. तो गेला की नवा येतो आणि नाव, गाव, आवडता रंग येथून पाठ पुन्हा आरंभतात. मूल चटपटीत बोलू लागते. उतारा वाचून अर्थ लावणे मात्र त्यास जमत नाही. पुढे एखाद्या शाळेत वयानुसार वर्ग मिळाला, म्हणजे त्याच्या बोलण्यावर विसंबून शिक्षक त्याच्या अपयशाचे खापर बुद्धीवर फोडतो.

यावर उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक मुलाची प्रगती-नोंदवही ठेवून ती पुढील स्वयंसेवकाच्या स्वाधीन करावी. सेवेची मुदत निदान एक वर्षाची असावी. प्रत्येक पाठात वाचनास स्थान द्यावे. आणि अर्थ समजून घेण्यासाठी मुलास स्वभाषेत बोलण्याची मोकळीक असावी. स्वयंसेवक बदलणे अपरिहार्य आहे. त्याबरोबर मुलाचा अभ्यास प्रारंभापाशी परतणे मात्र अपरिहार्य नाही.