भिंतीतून पाहणारी दुर्बीण

हिला दुर्बीण म्हणायचं, पण हिच्यात ना भिंग आहे ना आरसा. 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह 650 किलोमीटर उंचीवर नेऊन सोडला. त्यावर बसवलेली ही एक चौकोनी पेटी. पूर्ण नाव कॅडमियम झिंक टेल्युराइड इमेजर. तिच्यावर काम करणारी मंडळी ‘सीझेडटीआय’ म्हणतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती घडवण्यात पुढाकार घेतला आणि तिची माहिती तपासली जाते पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र केंद्रामध्ये.

गॅमा किरणांना भिंग वळवू शकत नाही. म्हणून पेटीच्या तोंडावर टँटलम धातूचा अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा आहे, त्यात ठरावीक नक्षीने छिद्रं पाडली आहेत. तळाशी 64 संवेदक, प्रत्येकावर 256 चौकटी, म्हणजे एकूण 16,384. जाळीच्या खिडकीतून फरशीवर पडलेली उन्हाची नक्षी किती सरकली यावरून सूर्य कुठे आहे ते कळतं. इथेही सावलीवरूनच स्रोताची जागा काढतात.

पण हे झालं समोरच्या साडेचार अंशांपुरतं. गॅमा किरणांचे स्फोट समोरच व्हायचं बंधन पाळत नाहीत. प्रचंड तारा कोसळताना किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना निघणारा हा झोत कुठूनही येतो, काही मिलिसेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकतो आणि विझतो. एवढ्याशा चौकटीत तो सापडण्याची वाट बघायची तर जन्म जायचा.

इथे पेटीच्या पातळ भिंती कामाला आल्या. किरणांची ऊर्जा 100 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर गेली की त्या भिंती जवळजवळ पारदर्शक होतात आणि पृथ्वीआड नसलेलं बहुतेक आकाश पेटीला ‘दिसू’ लागतं. 6 ऑक्टोबर 2015 रोजी, यंत्र सुरू केलं त्याच दिवशी, पहिला स्फोट मिळाला. तो समोरून सुमारे 60 अंश बाजूला होता!

झोत आला हे कळलं, पण कुठून? अशा तिरप्या किरणांना छिद्रांच्या नक्षीचा उपयोग नाही. मग संशोधकांनी उपग्रहाचाच आडोसा वापरायचं ठरवलं. शेजारच्या दुर्बिणी, चौकटी, पत्रे हे सगळं संगणकात उभं केलं. ठरावीक दिशेने किरण आले तर कुठल्या संवेदकावर किती पोहोचतील याचं गणित मांडलं आणि प्रत्यक्ष नोंदीशी ताडून पाहिलं. उत्तर ढोबळ येतं, हे मान्य करायला हवं. अमेरिकेची 2004पासून फिरणारी स्विफ्ट वेधशाळा स्फोटाची जागा काही कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सांगते आणि मिनिट-दीड मिनिटात स्वतःच तिकडे वळते. अ‍ॅस्ट्रोसॅटची माहिती जमिनीवर उतरून तपासली जाईपर्यंत तास जातात. मग या पेटीचं मोल काय?

जानेवारी 2017ची गोष्ट घ्या. 4 तारखेला दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरींची नोंद झाली आणि त्याच भागात हवाईच्या अ‍ॅटलास दुर्बिणीला मंदावत जाणारा एक ठिपका दिसला. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश? खळबळ उडण्यासारखीच बाब. खगोलशास्त्रज्ञ वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी सीझेडटीआयच्या नोंदी चाळल्या, तर लहरींनंतर सुमारे 20 तासांनी झालेला एक गॅमा किरण स्फोट सापडला. ठिपक्याच्या मंदावण्याचा वेग मागे नेऊन पाहिला, तोही त्याच वेळेशी जुळला. लहरींशी ठिपक्याचा संबंध नव्हता. ती स्फोटानंतर उरलेली प्रभा होती. खळबळजनक शोध वेळीच खोडून काढणं हे माझ्या मते या यंत्राचं सर्वांत सुंदर काम.

त्याच वर्षी 17 ऑगस्टला न्यूट्रॉन ताऱ्यांच्या प्रसिद्ध टकरीच्या वेळी सीझेडटीआयला काहीच दिसलं नाही, कारण मध्ये पृथ्वी होती. पण त्या न दिसण्यावरूनही आकाशाचा बराच भाग शोधातून वगळता आला.

नोव्हेंबर 2023मध्ये सीझेडटीआयने टिपलेल्या स्फोटांची संख्या 600वर पोहोचली. पुढचा प्रस्ताव ‘दक्ष’चा: पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह, म्हणजे पृथ्वी आड येण्याचा प्रश्नच मिटला. 2017चा अनुभव पाहता ही मागणी रास्तच आहे.

तोवर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या जुन्या नोंदी इस्रोने सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. थोडंफार प्रोग्रॅमिंग येत असेल तर एखादा स्फोट घरबसल्या स्वतः शोधून बघा.