चालकाची तंद्री आणि वैद्याची चिठ्ठी

दि. २२ मे २०१० रोजी सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या धावपट्टीपुढील दरीत कोसळले व १५८ जण मृत्युमुखी पडले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत असे दिसून आले की, मुख्य वैमानिक उड्डाणकाळात दीड तासाहून अधिक वेळ झोपलेले होते. झोपेतून उठल्यावर काही काळ टिकणाऱ्या जडतेमुळे, म्हणजे 'स्लीप इनर्शिया'मुळे, निर्णयशक्ती क्षीण झाल्याची शक्यता अहवालात नोंदली आहे. सहवैमानिकाने वारंवार सूचना देऊनही उतरणे वेळीच थांबविले गेले नाही. जाग आली तरी धी, धृती व स्मृती तत्काळ पूर्ववत होत नाहीत, हेच यातून स्पष्ट होते.

लहान विमानांच्या बाबतीत औषधांचा प्रश्न अधिक ठळक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९० ते २०१२ या काळात अपघातांत मृत्यू पावलेल्या ६,६७७ वैमानिकांच्या तपासण्या अभ्यासल्या. त्यांतील बहुतेक लहान, खासगी विमानांचे होते. गुंगी आणू शकणाऱ्या औषधांत सर्वाधिक आढळले ते डायफेनहायड्रामिन, म्हणजे सर्दी व अॅलर्जीच्या, तेथे चिठ्ठीविना मिळणाऱ्या गोळ्यांतील द्रव्य. शरीरात औषध सापडले म्हणजे तेच अपघाताचे कारण, असे मात्र नव्हे.

आता आपल्या फडताळाकडे पाहू. आसवारिष्टांत संधानजन्य मद्यांश असतो. भारतीय विमान नियम, १९३७ मधील नियम २४ अन्वये उड्डाणापूर्वी १२ तास मद्य वर्ज्य ठरले. २०२३ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मद्यांशयुक्त औषधे, माउथवॉश व टूथजेलही विमान कर्मचाऱ्यांना वर्ज्य केली. या कसोटीवर द्राक्षासव वा दशमूलारिष्टही निर्दोष ठरत नाही. कनकासवातील धत्तुराने दृष्टी धूसर होऊ शकते, तर जातिफलादि चूर्णातील विजया ग्लानी आणते. धत्तूर व विजया ही दोन्ही द्रव्ये औषध नियमांतील अनुसूची 'ई-१' मध्ये समाविष्ट आहेत; अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच द्यावयाची असतात.

चौसाळ्यात आपल्याकडे वैमानिक येणार नाही. परंतु सोलापूर-धुळे महामार्गावरील ट्रकचालक व हंगामात रात्री ऊस वाहणारे ट्रॅक्टरचालक येतातच. एकाने मजकडे खोकल्यासाठी कनकासवाची बाटली मागितली. सहज विचारता कळले की, त्यास रात्रीतून इंदूर गाठावयाचे होते. त्यास मधासह सितोपलादि दिले व आधी चार तास झोप घेण्यास सांगितले. तो प्रश्न विचारला नसता तर बाटली देऊन मोकळा झालो असतो.

म्हणून वैद्यबंधूंनी नाडीपरीक्षेबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात: व्यवसाय कोणता, पुढील प्रवास केव्हा व मागील रात्री झोप किती झाली. औषधालय चालकांनी आसवारिष्टाच्या बाटलीवरील मद्यांशाची नोंद ग्राहकास वाचून दाखवावी आणि 'हे घेऊन वाहन चालवू नये' असे स्पष्ट सांगावे. ज्याच्या हाती इतरांचे प्राण आहेत, त्याची चिकित्सा करताना त्याच्यामागे बसलेल्यांचाही विचार करणे हे आपले कर्तव्यच होय.