आजी तांब्याला ‘ते पाण्याचं’ म्हणते तेव्हा...

त्रिशरण-पंचशील आजी अडखळता म्हणते. समोरच्या तांब्याचं नाव मात्र सुचत नाही. घरचे ‘वय झालं’ म्हणतात. आम्हीही तेच म्हणायचो!

1982 साली अमेरिकेत डॉ. मेसुलाम यांनी असे सहा रुग्ण नोंदवले. स्मरण बराच काळ शाबूत, भाषा तेवढी झिजत गेलेली. मेंदूचा, बहुधा डावा, भाग सुकत जातो.

बोलणं एकाएकी गेलं तर तो पक्षाघात असू शकतो. तत्क्षणी दवाखाना गाठा. महिनोन्‌महिने शब्द घटत असतील तर ससूनसारख्या रुग्णालयात दाखवा. चित्रं दाखवून नावं विचारतात, एमआरआय काढतात. तपासणी आजीच्याच बोलीत व्हावी, हा आग्रह धरा. शाळा न पाहिलेल्या बाईला वाचनावरून जोखू नये. रोग थांबवणारं औषध नाही. वाचा-उपचाराने बोलणं काही काळ टिकतं. जाताना अडलेले शब्द, केव्हापासून ते, लिहून न्या.