मुंबईपेक्षा जवळून जातं अंतराळ स्थानक! हॅम रेडिओवरून शाळकरी पोरं अंतराळवीरांशी बोलतात तरी कशी?

अमरावती / अकोला : अकोल्याहून मुंबई रेल्वेने पावणेसहाशे किलोमीटरच्या पुढे. पाखरासारखं सरळ उडत गेलं तरी साडेचारशेच्या वर भरते. आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक बरोबर आपल्या डोक्यावरून जातं, तेव्हा ते असतं चारशे-सव्वाचारशे किलोमीटरवर. म्हणजे त्या मिनिटाला ते आपल्याला मुंबईपेक्षा जवळ असतं. फक्त रस्ता उभा आहे, आणि गाडी कोणत्याच स्टेशनवर थांबत नाही.

मुंबईला फोन लावतो तसा या स्थानकाला लावता येईल का? फोन नाही, पण रेडिओने नक्की बोलता येतं. जगभरातल्या शाळांची पोरं गेली पंचवीस वर्षं असं बोलत आहेत. अशा दीड हजारांहून जास्त गप्पा आजवर झाल्या आहेत. आपल्याकडे याची चर्चा झाली ती २०२५ च्या जुलैमध्ये, ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला वर होते तेव्हा.

शुक्ला २५ जून २०२५ रोजी ॲक्सिअम-४ मोहिमेतून निघाले, दुसऱ्या दिवशी स्थानकावर पोहोचले आणि १५ जुलैला समुद्रात उतरले. राकेश शर्मा १९८४ मध्ये अंतराळात गेले होते. त्यांच्यानंतर ४१ वर्षांनी गेलेले हे दुसरे भारतीय, आणि या स्थानकावर पाय ठेवणारे पहिले. पाय ठेवणारे म्हणायचं एवढंच, तिथे पाय टेकतच नाहीत. सोबत त्यांनी गाजराचा हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस नेला होता. पंतप्रधानांशी त्यांचं बोलणं टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. ते व्हिडिओवरचं होतं, त्यामागे मोठमोठ्या यंत्रणा होत्या. त्यानंतर ४ जुलैला बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात आणि ८ जुलैला शिलाँगजवळच्या ईशान्य अंतराळ उपयोग केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी ते बोलले, ते मात्र हॅम रेडिओवरून. हा मार्ग साध्या शाळेलाही मोकळा आहे.

हॅम रेडिओ म्हणजे नेमकं काय?

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या घरून जगभर बोलणारा माणूस. यात पैसे कमवायचे नसतात, बातम्या-गाणी लावायची नसतात. हौस आणि प्रयोग, एवढाच हेतू. मात्र संकटात हीच हौस कामी येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅमवाल्यांनी संच उचलून तिकडे धाव घेतली होती आणि निरोपांची ने-आण केली होती. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातही तेच झालं.

अंतराळात हा रेडिओ पहिल्यांदा वाजला १९८३ साली. ओवेन गॅरिअट नावाचे अमेरिकी अंतराळवीर स्वतः हॅम होते. कोलंबिया यानातून जाताना त्यांनी हातात मावणारा संच सोबत नेला, खिडकीला अँटेना लावला आणि मोकळ्या वेळात जमिनीवरच्या हॅमवाल्यांशी बोलले. त्यांच्याशी बोललेल्यांमध्ये जॉर्डनचे राजे हुसेनही होते, कारण राजेसाहेबांकडेही परवाना होता! पुढे अंतराळ स्थानकावर माणसं राहायला लागली आणि दोनच महिन्यांत, २१ डिसेंबर २००० रोजी, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका शाळेशी पहिली ठरवलेली गप्पा झाली. तेव्हापासून ‘एरिस’ या नावाने ओळखली जाणारी हॅमवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना हे काम पाहते. स्वयंसेवकांचं काम आहे, त्यामुळे शाळेकडून त्याचे पैसे घेत नाहीत.

दहा मिनिटांचा खेळ

स्थानक ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने पळतं. पृथ्वीची एक फेरी दीड तासात, दिवसाला जवळपास सोळा फेऱ्या. पण पृथ्वीही खालून फिरत असल्याने प्रत्येक फेरी आपल्यावरून जात नाही. आपल्या भागात दिवसातून साधारण चार-सहा वेळा ते क्षितिजावर येतं, त्यातही उंचावरून जाणारी फेरी एखाद-दुसरीच.

हा रेडिओ सरळ रेषेत चालतो. स्थानक क्षितिजाच्या वर आलं की बोलणं सुरू, खाली गेलं की बंद. मध्ये मिळतात फार तर दहा मिनिटं. टॉवर नाही, इंटरनेट नाही, मध्ये कोणती कंपनी नाही. पोराच्या तोंडातला शब्द अँटेनातून निघतो आणि थेट वर जातो. धारणी-चिखलदऱ्याच्या ज्या गावात मोबाईलला रेंज मिळवायला टेकडीवर चढावं लागतं, तिथूनही हे बोलणं होऊ शकतं. मेळघाटात अडचण वेगळीच आहे. गाव दरीत असेल तर डोंगर आडवे येतात, स्थानक उशिरा दिसतं आणि लवकर लपतं. दहातली चार मिनिटं तिथेच गेली. याउलट पूर्णेच्या खोऱ्यातलं खारपाणपट्ट्याचं सपाट रान. प्यायच्या पाण्यासाठी हा पट्टा नशिबाने मार खाल्लेला, पण अँटेनासाठी अगदी नामी. चारही बाजूंनी क्षितिज मोकळं.

अँटेना कसा असतो? चाळिशीच्या पुढच्यांनी तो पाहिलेला आहे. दूरदर्शनच्या काळात घराच्या माळवदावर ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्यांचा जो सांगाडा उभा असायचा, त्याच जातीचा. रविवारी सकाळी एक जण वर चढून तो फिरवायचा, एक जण खिडकीतून ओरडायचा, ‘आलं, आलं! अरे, गेलं!’ इथेही तेच आहे. फरक एवढाच की टीव्हीचं केंद्र जागेवर होतं, हे स्थानक पळतं. म्हणून अँटेना दहाही मिनिटं त्याच्या मागे फिरवत राहावा लागतो, आडवा आणि उभा दोन्ही दिशांनी. शाळेच्या कार्यक्रमात हे काम संगणकाला जोडलेल्या मोटरी करतात. नुसतं ऐकायचं असेल तर हातात धरलेला छोटा अँटेनाही पुरतो.

आणखी एक गंमत. बडनेरा किंवा मूर्तिजापूरच्या फलाटावर उभं असताना न थांबणारी गाडी भोंगा वाजवत येते. जवळ येताना आवाज बारीक, आणि समोरून निघून गेली की एकदम जाडा होतो. भोंगा तोच, ऐकू वेगळा येतो. स्थानकाच्या रेडिओचंही तसंच होतं. ते १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं, पण येताना खाली संचावर ते किंचित वर सापडतं आणि जाताना किंचित खाली, दोन्हीकडे साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास. खाली बसलेला हॅमवाला त्याप्रमाणे संच जुळवत राहतो. दहावीच्या पोराला डॉप्लर परिणाम पुस्तकातून तीन तासिकांत जेवढा समजणार नाही, तेवढा या दहा मिनिटांत कानाने समजतो.

विजेचं काय, हा आपल्याकडचा रास्त प्रश्न. गाडीत बसवायच्या जातीचे बरेच हॅम संच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. ट्रॅक्टरची चार्ज केलेली बॅटरी रेडिओला दहा मिनिटं सहज सांभाळते. लोडशेडिंगमुळे कार्यक्रम बुडायला नको. फक्त मोटरी आणि संगणक यांच्यासाठी इन्व्हर्टर आधीच पाहून ठेवावा.

प्रश्न विचारायचीही तालीम

दहा मिनिटांत दहा ते वीस प्रश्न बसवायचे म्हणजे एका प्रश्नोत्तराला अर्धा-पाऊण मिनिट. त्यात ‘नमस्कार सर, मी अमुक गावच्या तमुक शाळेतून बोलतोय, आमचे आदरणीय मुख्याध्यापक...’ असं सुरू झालं की संपलं. आपल्याकडे सत्कार, हारतुरे आणि प्रास्ताविकाला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात स्थानक भारतावरून पार बंगालच्या उपसागरावर गेलेलं असतं. त्यामुळे भाषणं आधी किंवा नंतर. त्या दहा मिनिटांत माईक फक्त पोरांचा.

एका वेळी एकच बाजू बोलू शकते. फोनसारखं मध्ये बोलता येत नाही. प्रश्न संपला की ‘ओव्हर’ म्हणायचं, म्हणजे ‘माझं झालं, आता तुम्ही’. प्रश्न आधीच लिहून पाठवलेले असतात, मुलांची रांग ठरलेली असते, पाठांतर झालेलं असतं. भाषा अंतराळवीराला येणारी हवी, बहुतेक वेळा ती इंग्रजी असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांना याची धास्ती वाटेल, पण एका मुलाला सात-आठ शब्दांचं एकच वाक्य म्हणायचं असतं. महिनाभर सराव केला तर जमतं.

आणि प्रश्न आपले असावेत. अंतराळात काय खाता, कसं झोपता हे जगातल्या प्रत्येक शाळेने विचारून झालं आहे. कापूस आणि संत्र्याच्या मुलखातल्या पोराला वेगळं सुचेल. वरून आमची धरणं उन्हाळ्यात कशी दिसतात? बी वर रुजवलं तर मूळ कोणत्या दिशेला जातं? हा दुसरा प्रश्न तर शुक्लांच्याच कामाच्या जवळचा आहे. त्यांनी तिथे मूग आणि मेथी रुजवली होती.

आपल्या शाळेला जमेल का?

खरी अडचण पैशांची कमी आणि माणसाची जास्त आहे. परवानाधारक हॅमवाला सोबत असल्याशिवाय शाळेला बोलता येत नाही. संच त्याच्या ताब्यात असतो, मुलं त्याच्या देखरेखीखाली बोलतात. हे लोक बहुतेक मोठ्या शहरांत आणि तिथल्या क्लबांत. म्हणून अर्ज भरायच्या आधी जवळच्या शहरातला हॅम क्लब गाठणं, हे पहिलं काम. फिरता अँटेना, संच, जोडीला राखीव संच हे सगळं विकत घेणं शाळेच्या आवाक्यातलं नाही. क्लबकडून ते त्या दिवसापुरतं येऊ शकतं.

दुसरा एक मार्ग आहे. परदेशातलं एखादं अनुभवी हॅम केंद्र स्थानकाशी बोलतं आणि त्याचा आवाज टेलिफोनने शाळेपर्यंत जोडला जातो. यात शाळेला अँटेना लागत नाही, डोंगर आडवे येत नाहीत. सोय आहेच, पण आपल्याच छपरावरच्या काड्यांमधून आवाज उतरण्यातली मजा त्यात निम्मी होते.

अर्ज ‘एरिस’कडे करायचा. आमची शाळा मागास भागातली आहे, एवढं लिहून भागत नाही. या दहा मिनिटांच्या आजूबाजूला शाळा काय शिकवणार, किती मुलं, किती गावं त्यात येणार, हे त्यांना हवं असतं. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे आणि कुलूप लावून ठेवलेली नाही, त्यांची बाजू इथे भक्कम राहील. अर्जापासून प्रत्यक्ष बोलण्यापर्यंत वर्ष, कधी त्याहून जास्त जातं. तारीख ठरते ती अंतराळवीरांच्या कामाच्या वेळापत्रकावरून, आपल्या सोयीने नाही.

घाईचं कारणही आहे. सध्याचं स्थानक २०३० च्या सुमारास निवृत्त करायचं ठरलं आहे. भारताचं स्वतःचं अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभं करण्याचं उद्दिष्ट आहे. आज पाचवीत असलेलं पोर तोवर शाळेतून बाहेर पडलेलं असेल.

परवाना स्वतःच काढायचा असेल तर वयाची बारा वर्षं पूर्ण लागतात. केंद्राच्या दूरसंचार विभागाकडे ‘सरल संचार’ या पोर्टलवरून अर्ज होतो. परीक्षेत रेडिओचं साधं तंत्र आणि नियम विचारतात. खालच्या श्रेणीला मोर्सची कट्ट-कडकट्ट यावी लागत नाही. पास झालेल्याला ‘व्हीयू’ने सुरू होणारं स्वतःचं बोलनाव मिळतं, जगात दुसऱ्या कोणाकडे नसलेलं. गावातल्या एका विज्ञान शिक्षकाने हे केलं तरी पुढची पंधरा वर्षं त्या शाळेला हॅमवाला शोधत फिरावं लागणार नाही.

एक सूचना. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे वॉकीटॉकी घेऊन बटण दाबून पाहायचा मोह टाळा. परवान्याशिवाय बोलणं गुन्हा आहे, आणि ‘पोरांनी गंमत केली’ हे उत्तर तिथे चालत नाही.

तोवर मोबाईलवर काय करता येईल?

मोबाईलच्या एफएमवर स्थानक ऐकू येणार नाही, एफएम १०८ वर संपतो. पण इंटरनेटवर काही हॅमवाल्यांनी आपले संच सगळ्यांना ऐकण्यासाठी खुले ठेवले आहेत, त्यावर १४५.८०० लावून शाळांच्या गप्पा ऐकता येतात. अधूनमधून, बहुतेकदा काही विशेष दिवसांच्या निमित्ताने, स्थानकावरून चित्रंही पाठवली जातात. ऐकायला तो नुसता किरकिर आवाज. ‘रोबोट ३६’ नावाचं मोफत ॲप सुरू करून मोबाईल त्या आवाजाजवळ धरला, की स्क्रीनवर ओळीओळीने चित्र उमटत जातं. एका चित्राला दोन मिनिटं लागतात.

आणि नुसतं पाहायचं असेल तर काहीच नको. नासाचं ‘स्पॉट द स्टेशन’ ॲप आपल्या गावावरून ते केव्हा, कोणत्या दिशेने जाणार ते सांगतं. सूर्य मावळल्यानंतरचा किंवा उगवण्याआधीचा तास-दीड तास, आभाळ निरभ्र, अंगणातला बल्ब बंद. विमानासारखी लुकलुक नाही, आवाज नाही. एक ठळक चांदणी सरळ चालत येते, चार-पाच मिनिटांत आभाळ ओलांडते, आणि कधी कधी अर्ध्या वाटेतच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझते. विझली तरी ती तिथेच असते, आणि रेडिओवर अजून दोन-तीन मिनिटं ऐकू येत राहते.