हत्तीपाय: गोळीइतकंच मोल साबणपाण्याचं

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात हत्तीपाय हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रोग ओळखीचा आहे. पण त्याबद्दलच्या समजुती त्याच्याहून चिवट.

कुणी तो आनुवंशिक मानतं, कुणी पूर्वजन्मीचं फळ, तर कुणी रुग्णाच्या शेजारी बसायला कचरतं. प्रत्यक्षात हा रोग पसरवतो क्यूलेक्स डास, गटारात आणि सांडपाण्यात वाढणारा. त्याच्या चाव्यांतून आलेले जंत लसवाहिन्यांत ठाण मांडतात. पेशींभोवती पाझरलेला द्रव गोळा करून रक्तात परत नेणं हे या वाहिन्यांचं काम. त्या निकामी झाल्या की द्रव तुंबतो, कातडी जाड होते. स्पर्शाने यातलं काहीच पसरत नाही.

‘रक्तात जंतू नाहीत, म्हणजे हत्तीपाय नाही,’ हाही असाच एक समज. जंतांची पिल्लं रक्तात रात्री फिरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री दारात येऊन बोटातून रक्त घेतात. मात्र संसर्ग बहुधा लहानपणी होतो आणि सूज येते कित्येक वर्षांनी. तोवर पिल्लं रक्तात सापडतीलच असं नाही. त्यामुळे निदानात डॉक्टरांची बोटंही महत्त्वाची: पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत येत नसेल, तर ती लससूज, म्हणजे लसवाहिन्या निकामी झाल्याने आलेली सूज, असण्याची शक्यता मोठी. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर मात्र हृदय, मूत्रपिंड, थायरॉईडही तपासावे लागतात.

‘मला सूज नाही, मग गोळ्या कशाला?’ आशाताईंना हा प्रश्न दरवर्षी ऐकावा लागतो. संसर्ग झालेली माणसं वर्षानुवर्षं धडधाकट दिसतात, आणि डास त्यांच्यातूनच जंत पुढे नेतो. सामूहिक औषधोपचार निरोग्यांनाही दिला जातो तो ही साखळी तोडण्यासाठी. नागपूर जिल्ह्यात 2019 मध्ये तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली. गर्भवती, गंभीर आजारी आणि दोन वर्षांखालील मुलं यांना त्यातून वगळतात. गोळीनंतर थोडा ताप किंवा चक्कर आली, तर ते बहुतेकदा जंत मरत असल्याचं लक्षण असतं.

सर्वांत घातक समजूत मात्र वेगळीच आहे: एकदा पाय सुजला की काही करता येत नाही. आलेली सूज गोळ्यांनी उतरत नाही, हे खरं. पण पाय बिघडत जातो तो वारंवार येणाऱ्या थंडीतापाच्या झटक्यांनी. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात डॉ. जेरुसा द्रेयर यांच्या कामातून दिसलं, की हे झटके कातडीच्या भेगांतून शिरणाऱ्या जिवाणूंमुळे येतात. आपल्याकडे ती वाट चिखल्यांची. रोवणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्या ओल्या राहतात, कुजतात आणि जिवाणूंना दार उघडं मिळतं. म्हणून रोज साबणाने पाय धुणं, बेचक्या टिपून कोरड्या करणं, मलम लावणं, झोपताना पाय उंच ठेवणं आणि घोटा हलवण्याचा व्यायाम हेच उपचार आहेत. पट्टी बांधायची ती शिकून घेऊनच. झटका आला तर गरम शेक आणि मालीश टाळून, पाय उंच ठेवून दवाखाना गाठावा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज जात नाही.

लससूज केवळ डासांमुळेच येते असंही नाही. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्यावर साधारण पाचांतल्या एकीला हाताची सूज येऊ शकते. अशा बायकांना ‘हाताने काही उचलू नका’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. अमेरिकेत 141 स्त्रियांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजन उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही. उलट त्रास बळावण्याचे प्रसंग घटले. जन्मजात दोषामुळे येणारी लससूजही असते.

सुरुवातीची सूज रात्री पाय उंच ठेवला की सकाळी उतरते, आणि लोक तिथेच निर्धास्त होतात. सकाळी उतरलेली सूज संध्याकाळी पुन्हा येत असेल, तर दुसऱ्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाय दाखवा.